कोण कोणाभोंवतीं?

उरणास राहणार्‍या माणसाला तिथीचें अगत्य दोन कारणांनीं असे: एक व्रतवैकल्यांसाठीं आणि दुसरें लाँचसाठीं. मोर्‍याहून मुंबईस भाऊच्या धक्क्यावर जावयाचें, तर ओहोटीची वेळ टाळणें पुष्कळदां भाग पडे. कारण पाणी उतरून गाळ वर आला, कीं लाँच धक्क्यास लागणें कठीण. म्हणून किनार्‍यावरचा जुना हिशेब आमच्या घरीं मुलाबाळांसही पाठ होता. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितके वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. दिवसाही आणि रात्रींही. २०२४ च्या जानेवारींत उरणापर्यंत आगगाडी आली, शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूही खुला झाला, आणि मुंबईस जाण्यासाठीं तिथि पाहण्याची गरज उरली नाहीं. समुद्राचा नेम मात्र चुकलेला नाहीं.

या हिशेबांतील ‘दिवसाही आणि रात्रींही’ हे शब्द विचार करण्याजोगे आहेत. चंद्र पाणी ओढतो हें खरें. पण मग भरती दिवसांतून एकदांच यावयास हवी. चंद्र पृथ्वीच्या पलीकडे गेला असतां पाणी पुन्हां कां चढावें? याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे लहानपणापासूनची एक समजूत सोडून द्यावी लागते. चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरतो असें आपण म्हणतों, आणि पृथ्वी मध्यें स्वस्थ बसली आहे असें मनांत धरून चालतों. वस्तुतः दोघेंही एका तिसर्‍याच बिंदूभोंवतीं फिरत असतात. त्या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. चंद्राच्या ओढीनें सबंध पृथ्वीच त्याच्याकडे ढळत असते. चंद्राच्या बाजूचें पाणी जवळ असल्यामुळें तिच्याहून अधिक ओढलें जातें. पलीकडचें पाणी दूर असल्यामुळें कमी ओढलें जातें व मागें राहतें. म्हणून पाण्याचे फुगवटे दोन, आणि भरत्याही दोन.

हा बिंदु शोधावयाचा कसा? ज्यानें कावड वाहिली आहे त्यास हें निराळें सांगावयास नको. दोन्ही घागरी सारख्या असल्या तर खांदा दांडीच्या मधोमध येतो. एक भरलेली व एक अर्धी असेल तर खांदा भरल्या घागरीकडे सरकतो. वजन जितके पट अधिक, तितके पट अंतर कमी. पृथ्वीचें वस्तुमान चंद्राच्या ८१.३ पट आहे, आणि दोघांच्या मध्यांतील सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. या अंतरास ८२.३ नें भागलें, कीं पृथ्वीच्या मध्यापासून तो बिंदु किती दूर हें कळतें: सुमारें ४,६७० किलोमीटर. म्हणजे तो पृथ्वीच्या पोटांतच, आपल्या पायांखालीं सुमारें १,७०० किलोमीटर खोल आहे. त्याच्याभोंवतीं ही पृथ्वी २७.३ दिवसांत एक फेरी घालते, ताशीं सुमारें ४५ किलोमीटर वेगानें.

पण चंद्राचें वजन मुळांत कळलें कसें? उधाणाची भरती व भांगाची भरती यांची तुलना करून न्यूटननें तें काढण्याचा यत्न केला. त्याच्या ‘प्रिन्सिपिया’च्या १७२६ च्या आवृत्तींत चंद्र पृथ्वीच्या सुमारें चाळिसाव्या हिश्शाएवढा ठरला, म्हणजे खर्‍याच्या जवळजवळ दुप्पट. अधिक खात्रीची वाट ही, कीं पृथ्वीचें स्वतःचें डोलणेंच मोजावें. लाँचमध्यें बसलेल्या माणसास आपलें हेलकावणें किनार्‍यावरचा दिवा हलतांना दिसतो त्यावरून कळतें, तसाच हा प्रकार. १९३०-३१ मध्यें एरॉस नांवाचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारें २.६ कोटि किलोमीटरांवर आला. तो महिन्याच्या अवधींत आपल्या जागेपासून सुमारें ३७ विकला इकडे व तितकाच तिकडे सरकल्यासारखा भासे. सरकत होतों आपण. अनेक देशांच्या वेधशाळांनीं घेतलेल्या या वेधांवरून स्पेन्सर जोन्स यांनीं १९४१ मध्यें चंद्राच्या वजनाचा सूक्ष्म हिशेब मांडला.

हीच युक्ति आपल्या जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीनेंही साधली आहे. २००४ सालीं तिच्या साहाय्यानें एका दूरच्या तारकागुच्छांत सेकंदास सुमारें २०० वेळां स्वतःभोंवतीं गरकन् फिरणारा एक स्पंदक तारा सांपडला. त्याचे स्पंद कांहीं दिवस लवकर येत, कांहीं दिवस उशिरां. आणि हें चक्र १८.८ दिवसांनीं पुरें होई. एवढ्यावरून त्यास एक जड सोबती आहे, हें निश्चित झालें. सोबती कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. दिसणार्‍याच्या ढळण्यानेंच न दिसणार्‍याचें वजन सांगितलें.

हें वाचलें त्या वर्षीं आमच्या घरांतून आजी गेली. आजोबा ओसरीवर, आजी माजघरांत, अशी साठ वर्षांची वहिवाट. येणारा-जाणारा आजोबांना भेटे. आजीचा आवाजही बाहेर क्वचित् ऐकूं येई. सारें घर आजोबांभोंवतीं फिरतें आणि आजीही त्यांतच आली, असें आम्ही सर्वच मानीत होतों. तेरावा झाला, मंडळी पांगली, आणि आजोबांचा दिनक्रम ढळूं लागला. पूजेची वेळ चुके. रोजमेळांत आंकडे राहून जात. दुपारीं चार वाजतां ते माजघराच्या उंबर्‍यापर्यंत येत, क्षणभर उभे राहत आणि कांहीं न बोलतां परत ओसरीवर जात. चहा तर सूनबाईंनीं तेथेंच नेऊन ठेवलेला असे. आजीचें वजन किती होतें, हें मोजावयास आम्हांला तेव्हां साधन मिळालें.

पुढें प्रश्न निघाला तो आजोबांनीं कोठें राहावें याचा. दादरच्या काकांचें म्हणणें, एकट्या माणसास उरणास ठेवणें बरें नव्हे. आजोबांचें म्हणणें एकच: “मी घर सोडणार नाहीं.” दोन्ही पक्षांस वाटे, आपण जागचे हलूं नये, दुसर्‍यानें यावें. वाद महिनाभर चालला, आणि एकदां तर काका जेवणावरून उठून गेले. शेवटीं धाकट्या आत्यानें निकाल लावला. पावसाळ्याचे चार महिने आजोबांनीं दादरास राहावें. उरलेले आठ महिने घरच्या एका जोडप्यानें पाळीपाळीनें उरणास येऊन राहावें आणि तेथून आगगाडीनें कामावर जावें. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग “गणपतीला मात्र मला इकडे आणा,” एवढेंच म्हणाले.

गेल्या दोन वर्षांत ही व्यवस्था बर्‍यापैकीं चालली आहे. कोणाची रजा बुडते, कोणाच्या मुलाची परीक्षा आड येते, कुरकूर होते. पण पाळी कोणी चुकवीत नाहीं. आजोबांचें वजन आमच्या घरांत अजून मोठें आहे. म्हणून ते थोडे सरकले आणि आम्ही पुष्कळ सरकलों. परंतु सरकावें दोघांनींही लागलें.