जुना तंबोरा घेताना

शिष्या विचारतात, "बाई, सांगलीत जुना तंबोरा मिळतोय, घेऊ का?" मी म्हणते, घे की, पण आधी सूत काढून ऐक.

घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेलं सूत नेमक्या जागी बसलं की जवारी खुलते आणि ऐकणारा तिथंच भाळतो. विकणारानंही घोडी नुकतीच घासून घेतलेली असते. त्यात लबाडी नाही. पण जवारी पुन्हा काढून मिळते. पैसे मोजायचे ते भोपळ्याचे, तबलीचे आणि दांडीचे.

सूत काढलं की तार बसकी बोलते. तशातही आस टिकली पाहिजे. खर्ज छेडावा आणि थांबावं. षड्ज विरता विरता त्यातून गंधार डोकावतो. तो कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. चांगल्या वाद्यात तो सुताशिवायही पुसटसा कानावर येतो.

मग डोळ्यांचं काम. भोपळा बहुधा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, जाड सालीचा. तरी आपटला की तडकतोच. सांधून वर रंग चढवला असेल, म्हणून बोटाच्या पेरानं ठोकत जावं. सांधलेल्या जागी आवाज बद्द येतो. भुसा गळत असेल तर कीड. घोडीखाली तबली दबलीय का, ते आडव्या नजरेनं बघावं. गळ्याचा सांधा हलत असेल तर सरळ उठावं. खुंटी सरकते म्हणून घाबरू नये, बऱ्याचदा खडूनं भागतं. घोडी घासून घासून पातळ झाली असेल तर नवीचा खर्च किमतीतून वजा करावा.

"बाई, मिरजेचाच आहे," हे वर असतंच. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारं घडवणारे. एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ते मिरजेच्या कारागिरीला. विकल्यानंतर तो तंबोरा कुणाच्या माळ्यावर, किती पावसाळे पडून होता, हे त्यावरून कळत नाही. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब वाद्यदुरुस्तीतही वाकबगार होते. आपल्याला कानस धरता येत नसली, तरी तपासता यायलाच हवं.

पट्टीही विचारावी. काळी एकचा मर्दानी तंबोरा काळी चारला ताणला की तारा तुटतात, आवाजही आवळतो. आपल्या पट्टीत लावून चहाला जावं. परत आल्यावर जोड जुळलेलाच असेल, तर दुसऱ्या कुणाला छेडायला बसवून गावं. गाताना लक्ष सारखं तंबोऱ्याकडेच जात असेल, तर तो कितीही गोड असो, सोडावा. तो वाजतोय याचा विसर पडला आणि सूर मात्र लागत राहिला, तर शे-दोनशेसाठी घासाघीस करू नये.