चार आण्यांचा वेताळ

आमच्या लहानपणी कॉमिक्स भाड्याने आणायची असत. विकत घ्यायची ती पाठ्यपुस्तकं, अशी घरातल्या मोठ्यांची समजूत होती आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कराडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खासगी वाचनालय होतं. आत फळ्यांवर मोठ्यांच्या कादंबऱ्या आणि दिवाळी अंक, आणि दाराजवळ ताणलेल्या सुतळीवर चिमट्यांनी अडकवलेली कॉमिक्स. दिवसाला चार आणे. वाचनालय चालवणारे अण्णा प्रत्येक अंकाला खाकी कागदाचं कव्हर घालत आणि पिना काढून जाड दोऱ्याने शिवून टाकत. त्यामुळे अंक टिकायचा, पण आतल्या बाजूच्या चौकटी निम्म्या शिवणीत जायच्या. वेताळ काय बोलला हे कळण्यासाठी अंक दोन्ही हातांनी ताणून धरावा लागे. "पान दुमडलंस तर उद्यापासून बंद हं," हे अण्णांचं वाक्य अंकासोबत फुकट मिळायचं.

भाडं एकाने भरायचं आणि संध्याकाळपर्यंत चौघांनी वाचायचं. ओट्यावर डोक्याला डोकं लावून. पान उलटण्याचा मान ज्याने पैसे भरले त्याचा, आणि वाचायला हळू असलेला "थांब, थांब" करत राहायचा. थांबायला कुणाला वेळ होता? पुढे काय झालं, एवढंच आम्हाला हवं असे. चित्र म्हणजे पुढच्या चित्राकडे जाण्याची पायरी. तिच्यावर पाय ठेवायचा आणि वर चढायचं.

'इंद्रजाल कॉमिक्स' टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलं. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक होत १९९० मध्ये ते बंद पडलं तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. ली फॉकने १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी जन्माला घातलेला फँटम आमच्याकडे वेताळ होऊन आला आणि असा रुळला की तो परका आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. कवटीची गुहा, ठोसा बसला की जबड्यावर उमटणारी कवटीची खूण, बापाकडून मुलाकडे चालत आलेला तोच पोशाख, आणि वेताळ कधी मरत नाही असा जंगलात पसरलेला समज. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी हेही यायचे, पण सुतळीवर वेताळ असला की बाकीच्यांकडे बघायचं नाही.

अलीकडे यातले काही अंक पुन्हा वाचले. साय बॅरीच्या रेषेने मला चकित केलं. १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ त्याने वेताळ काढला. झाडांच्या सावल्यांमध्ये तो काळी शाई जिथे ओततो आणि जिथे कागद कोरा सोडतो, त्यातून जंगल खोल होत जातं. हे लहानपणी डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं, कारण तेव्हा मी पळत होतो. दुसरीही एक गोष्ट आता दिसते आणि ती खुपते. पिढ्यान् पिढ्या एका आफ्रिकी जंगलाचा न्यायनिवाडा एक गोरा माणूस करतो आणि तिथल्या माणसांना त्याच्याविना शहाणपण सुचत नाही. स्वतःचं राज्य परत मिळवलेल्या देशातली मुलं ते मिटक्या मारत वाचत होती, याचा मी आज गंभीरपणे विचार करतो. तरीही वेताळावरचं प्रेम कमी झालेलं नाही. दोन्ही खरं आहे.

म्हणून १९७६ मध्ये आलेल्या बहादूरचं महत्त्व मला आता अधिक वाटतं. आबिद सुरतींनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला हा नायक डाकूचा मुलगा, केशरी कुडता आणि जीन्स घालणारा. तो गावकऱ्यांना एकत्र करून डाकूंशी लढायला शिकवतो. गावाने स्वतःचं रक्षण स्वतः करायचं, ही कल्पना वेताळाच्या जंगलात कधी आली नव्हती. पुढे म्हातारपणी याच सुरतींनी मीरा रोडला घरोघर जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करण्याचं काम अंगावर घेतलं. त्याबद्दल वाचलं तेव्हा मला बहादूरच आठवला.

'अमर चित्र कथे'ला घरात मज्जाव नव्हता. आजी ती स्वतः मागून घ्यायची. अनंत पै यांनी ही मालिका १९६७ मध्ये सुरू केली. दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांबद्दल सांगता आलं आणि रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, त्यातून ही कल्पना सुचली, असं पै सांगत असत. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा 'कृष्ण', आणि तिथून खरी मालिका सुरू झाली. आमच्या पिढीची पुराणं आणि इतिहास या ३२ पानांनी घडवला. आजही भीष्म म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शरशय्येवरचं एक ठरावीक चित्र येतं. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण राक्षस नेमाने काळेसावळे आणि देव व राजपुत्र उजळ, हे रंगवण्यामागचं मन आज ओळखू येतं. मुलाच्या डोळ्यांत असा रंग एकदा शिरला की सहज निघत नाही.

त्या अंकांच्या पहिल्या पानावर लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव छापलेलं असायचं. ते आम्ही कधी वाचलं नाही. आता वाचतो आणि छाती भरून येते. 'कृष्ण' काढला तो राम वाईरकरांनी, 'टिंकल'मधला सुप्पंडीही त्यांच्याच हातचा. शिकारी शंभूला रूप दिलं वसंत हळब्यांनी, कालिया कावळ्याला प्रदीप साठ्यांनी. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी 'अमर चित्र कथे'चे कितीतरी अंक काढले आणि १९८६ मध्ये हिंदीतल्या नागराजलाही पहिलं रूप दिलं. दिलीप कदमांचं नाव तर जागोजागी सापडतं. अख्ख्या देशातल्या मुलांनी जे देव, राजे आणि विदूषक डोळ्यांत साठवले, त्यातले पुष्कळ मराठी हातांनी काढले होते. ही गोष्ट आपण मोठ्याने सांगत नाही.

मध्ये बरीच वर्षं माझं कॉमिक्सशी नातं चिंटूपुरतं उरलं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू नोव्हेंबर १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये आला आणि कितीतरी घरांत पहिल्या पानाच्या आधी तो वाचला जाऊ लागला. पप्पू, मिनी, बगळ्या, सतीशदादा, जोशीकाकू. तीन-चार चौकटी, चहा निवायच्या आत संपणाऱ्या. पण मोठं झाल्यावर कॉमिक्स वाचायची नसतात, हे मीही न बोलता मान्य करून टाकलं होतं.

मुलगी पुण्यात नोकरीला लागली आणि सुट्टीत येताना पुस्तकं आणू लागली. त्यात एक दिवस मार्जान सत्रापीचं 'पर्सेपोलिस' आलं. "बाबा, हे वाच. दोन तासांत होईल," ती म्हणाली. दोन तासांत झालं नाही. इराणच्या क्रांतीत वाढणाऱ्या मुलीची ती काळी-पांढरी आत्मकथा मी आठवडाभर पुरवून वाचली. मग आर्ट स्पीगेलमनचं 'माउस', ज्यात ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरं. त्याला १९९२ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. छळछावणीतून वाचलेला बाप म्हातारपणी किती चिक्कू आणि किरकिऱ्या झालाय, हे मुलगा लपवत नाही, आणि म्हणूनच त्या बापाचं दुःख माझ्या अंगावर आलं. या पुस्तकांनी माझी जुनी सवय मोडली. इथे चित्र पुढे ढकलत नाही, धरून ठेवतं. एकट्याने वाचावं लागतं, आणि पान उलटायची घाई करणारं शेजारी कुणी नसतं. ते ओट्यावरचे खांद्याला खांदे मी आजही शोधतो. पण त्या ओट्यावर 'माउस' वाचता आलं नसतं, हेही कबूल.

आणि मग 'भीमायन'. १९७९ मध्ये 'अमर चित्र कथे'ने बाबासाहेब आंबेडकरांवर अंक काढला होता, शाळेच्या ग्रंथालयातून आणून मी तो वाचला होता. एका अंकात अख्खं आयुष्य, चौकटीमागून चौकट, थोर पुरुषाचं चरित्र सांगायच्या ठरलेल्या पद्धतीने. २०११ मध्ये दिल्लीच्या 'नवयान'ने त्याच आयुष्याचं दुसरं पुस्तक आणलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. व्याम दांपत्याने माणसांना चौकोनात कोंडायला नकार दिला. त्यांनी पानं विभागली ती गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात काढतात त्या 'डिग्ना' नक्षीने. ती वळत, वाकत पानभर फिरते. प्रेमाने बोललेल्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचारापाशी एक डोळा. आगगाडी सापासारखी पानावरून सरपटते.

त्यातला पाण्याचा भाग मी कितीदा पाहिला असेल. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलेला प्रसंग आहे. १९०१ सालचा. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर, दुष्काळी कामावर. साताऱ्याहून भीम, त्याचा भाऊ आणि भाचे नवे सदरे, जरीच्या टोप्या घालून, रेशीमकाठी धोतरं नेसून आगगाडीने निघतात आणि मसूर स्टेशनवर उतरतात. वडिलांना पत्र पोहोचलेलं नाही, न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलतो आणि जात कळताच मागे सरतो. गाडीवान दुप्पट भाडं घेतो, आणि बैल मुलांनीच हाकायचे, तो पायी चालणार. डब्यात पोटभर जेवण आहे, पण रात्रभर पाणी कुणी देत नाही, म्हणून ते जेवण तसंच राहतं.

मसूर कराडच्या जवळच. पुण्याच्या गाडीने किती वेळा ते स्टेशन खिडकीतून मागे गेलेलं पाहिलंय. फलाट, पाण्याचा नळ, बाकडं. त्या फलाटावर नऊ-दहा वर्षांचा भीम उभा होता, हे शाळेत धड्यासारखं ऐकलं होतं. व्यामांच्या चित्रांत त्या मुलाची तहान प्रत्येक आकृतीत शिरली आहे. पुढे महाडच्या चवदार तळ्याच्या सभेचं पान येतं. तिथे भाषणाच्या कर्ण्यांतून शब्द नव्हे, पाणीच श्रोत्यांवर शिंपलं जातं. माणसाला पाणी नाकारणं म्हणजे काय, हे मला तेव्हा डोळ्यांनी कळलं. वाचून कळलेलं आणि डोळ्यांनी कळलेलं वेगळं असतं. सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत हे पुस्तक असावं, असं मला कळकळीने वाटतं.

ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' मला उशिरा मिळालं. १९९४ मधलं हे पुस्तक नर्मदेच्या खोऱ्यातल्या धरणाबद्दलचं, कितीतरी वर्षं बाजारात मिळत नव्हतं, २०२२ मध्ये पुन्हा छापलं गेलं. एकीकडे नदीच्या जन्माची कथा गाणारा मलगू गायन, दुसरीकडे शहरातून आलेला पत्रकार, आणि दोन्ही गोष्टी एकाच पानावर शेजारी वाहतात. नर्मदेच्या या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं गेली. मणिबेलीचं नाव आपण वर्तमानपत्रांत वाचलं होतं. पण मला ते वाचताना आठवत राहिली कोयना. माझी आत्या लग्नानंतर कोयना खोऱ्यात राहायची. शिवसागर जलाशयात बुडालेल्या गावांतली माणसं तिच्या शेजारी होती.

मराठीत मोठ्या माणसांसाठी असं पुस्तक शोधायला गेलो की हाताला फार थोडं लागतं. पुण्यातल्या एका दुकानात मी मागितलं तेव्हा तिथल्या मुलाने मला थेट बालविभागात नेऊन उभं केलं. वाईरकर, मुळीक, कदम यांच्या भाषेत हे व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं. गिरणगावातला १९८२ चा संप, १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाया, या गोष्टी चित्रांतून सांगायला कुणी बसलं तर किती मोठं काम होईल. कथाकार आपल्याकडे आहेत, चित्रकार आहेत. प्रकाशकांनी या दोघांना एका टेबलापाशी बसवायला हवं, आणि मोठ्या वाचकांनी असं पुस्तक विकत घ्यायला हवं, भाड्याने नव्हे.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा ती तिथे होती. अंधारात कौलं सरकल्याचा आवाज, गोठ्यातून सुटलेली म्हैस, रस्त्यावर आणून ठेवलेल्या शिवणयंत्राभोवती सकाळपर्यंत बसलेलं कुटुंब, असं ती एकेक सांगते. मी ते लिहून काढतो आहे, चौकटींचा विचार करत. मुलीचा एक मित्र चित्रं काढतो. त्याला मी म्हटलंय की आधी आत्याशी बोल, मग पाटणच्या बाजूची जुनी घरं बघून ये आणि मगच पेन्सिल उचल. पुढच्या महिन्यात तो येतोय.