पहिली बंदूक

मी डावखुरा. टेक्सासमधल्या गावाबाहेरच्या घरासाठी पहिली पंप-अ‍ॅक्शन शॉटगन घ्यायची ठरली, तेव्हा निवड या एकाच गोष्टीने केली. १९५० साली आलेल्या रेमिंग्टन ८७०चा खटका चापामागे, उजव्या हाताच्या सोयीने बसवलेला. मॉसबर्ग ५००चा मात्र वर, अंगठ्याखाली, दोन्ही हातांना सारखाच. मॉसबर्ग घेतली, बारा बोअरची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एकेक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची, हा जुना हिशेब तेव्हाच कळला.

मग साज चढवण्याचा मोह. दिवा, पट्टा, दर्शनी बाजूला काडतुसांची रांग. नवशिक्या कवीला विशेषणांचा असतो तसाच हा सोस. प्रत्येक भरीबरोबर वजन वाढले आणि पंप मागेपुढे ओढणारा हात थकू लागला. अखेर पट्टा तेवढा ठेवला. दस्ता आखूड करून घेतला. तो पत्नीच्याही खांद्याला बसायला हवा होता.

एका संध्याकाळी मुलीने विचारले, "बाबा, ही कुणासाठी?"

कोकणात आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीपाशी या प्रश्नाला उत्तर होते: रानडुकरासाठी. माझ्यापाशी नुसती भीती होती, आणि तिला चेहरा नव्हता. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी कुलपाची लोखंडी पेटी आणली. काडतुसे वेगळ्या कपाटात गेली. इतके दिवस वाढवत नेलेल्या माझ्या यादीत ही पेटी कुठेच नव्हती.