दादाला सांग, सही करू नकोस

प्रिय मैत्रिणी,

तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. नाशिकला तुझ्या भाचीच्या शाळेने दादाला बोलावून ‘तुम्हीच दाखला काढून घ्या’ म्हटलं, हे ऐकून अंगाचा तिळपापड झाला. अगदी हेच गेल्या वर्षी माझ्या बहिणीला पुण्यात ऐकावं लागलं गं! मारामारी झाली होती आणि तिच्या सातवीतल्या लेकाची चूक होतीच. पण शाळेने त्याला काढलं असं कागदावर कुठेच नाही. बहिणीकडून अर्ज लिहून घेतला. दाखल्यावर कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’!

उघडपणे काढताच येत नाही ना. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ म्हणतं, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढायचं नाही. २०१९मध्ये ते बदललं, पाचवी-आठवीत नापास करायची मुभा मिळाली; काढायची मात्र नाही. दाखल्यावर ‘वर्तणूक’पुढे काय लिहितील या धाकाने पालक सही करून मोकळे होतात.

पुढे महापालिकेची शाळा. बहीण रडत होती, लेकाला शिक्षाच झाली म्हणून. मला ते मुळीच पटलं नाही. वर्ष अर्ध्यावर आलेलं, दाखला अजून हातात नाही, तरी मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला त्याच दिवशी सातवीत बसवलं. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे त्यांनीच सांगितलं. भांडणाचं काही विचारलं नाही. तबला येतो हे मात्र बोलता बोलता काढून घेतलं आणि परिपाठाला त्याला वाजवायला बसवलं.

सगळं सोपं झालं असं नाही. इंग्रजी माध्यमातून आल्यामुळे इतिहासाचं मराठी पुस्तक अजून जड जातं. सर मधल्या सुट्टीत रोज एक पान वाचून घेतात. जुने मित्र तोंड फिरवतात, ते त्याला जास्त लागतं.

तेव्हा दादाला सांग, अर्जावर सही करू नकोस. शाळेचं म्हणणं लेखी माग. अडवलंच तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार दे. कलम ३२प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. आणि पोरीलाच तिथे राहायचं नसेल, तर महापालिकेच्या शाळेत बिनधास्त नाव घाला. आधी तिला विचारा मात्र.

शाळा अल्पसंख्याक संस्थेची नाही ना? तशी असेल तर २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा कायदा तिथे लागू होत नाही. तेवढं आणि तिची इयत्ता कळव, मी दादाशी बोलते.

तुझीच