धर्म मिळाला, ख्रिस्त राहिला

जुन्या चर्चमधलं ‘उपासना संगीत’ हातात घेतलं, की ते ठरावीक गीतापाशी आपोआप उघडतं. त्या पानांच्या कडा बोटांच्या घामानं काळवंडलेल्या असतात. पुढची पन्नास पानं कोरी करकरीत. इतकी वर्षं तेच गायलं गेलं, हे वाईट नाही. खटकतं ते एवढंच, की पुढची पानं उलटावीत असं कोणाला वाटलंच नाही. विश्वास थंडावतो तो शंकेमुळे, अशी आपली समजूत असते. मला ती पटत नाही. शंकेखोर माणूस देवाशी भांडत तरी असतो. ज्याचं सगळं आलबेल आहे त्याला देवाशी बोलायला विषयच उरत नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेज इथं झाला. आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त काही भेटला नाही. हे त्यांनी पुढं १९०७ च्या ‘साक्षी’त उघडपणे लिहिलं. त्या आठ वर्षांत बाई रिकाम्या बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये शारदा सदन निघालं होतं, विधवा मुली शिकत होत्या, पुण्याच्या सनातन्यांची टीका झेलणं चालू होतं. त्यांचा विश्वास कोमट आहे असं म्हणायची कुठल्या पाळकसाहेबांची छाती झाली नसती. चांगल्या कामाचा आडोसा सगळ्यांत दाट असतो, आणि तो ज्याचा त्यालाच दूर करावा लागतो. त्या काळात त्यांनी विल्यम हॅस्लम यांचं आत्मचरित्र वाचलं. हे कॉर्नवॉलमधले अँग्लिकन पाळक. १८५१ मध्ये स्वतःचाच उपदेश देता देता त्यांचं परिवर्तन झालं, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकानं तिथल्या तिथं ते ओरडून सांगितलं. व्यासपीठावरच्या माणसालाही गरज असू शकते, हे ऐकायला आपल्या मंडळ्यांना अजून जड जातं.

इथं लावदिकीया आठवते, जरा आडवाटेनं. इ.स. ६० मध्ये भूकंपानं ते शहर पडलं, आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशानं पुन्हा उभं राहिलं, अशी नोंद टॅसिटस करतो. प्रकटीकरणातल्या पत्रात कोमट म्हणून जिची कानउघाडणी होते ती मंडळी याच शहरातली, आणि तिचा दावाही तोच: आम्ही धनवान आहोत, आम्हाला काही उणं नाही. भूकंपालाही जे जमलं नाही ते एका पत्रानं कसं जमावं, हा प्रश्न मला चुटपुट लावतो.

यावर कोणी म्हणेल, दर रविवारी नेमानं येणाऱ्या साध्या माणसाला कशाला टोचता? मंडळी टिकते ती त्याच्याच जिवावर. हे मान्य आहे. सवयीशी माझं भांडण नाही. उलट ध्वनिक्षेपक लावून वर आलेले हात मोजणाऱ्या संजीवन सभांशी माझं जुनं वाकडं आहे. पण मग १९०५ साली रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींनी रडत, मोठमोठ्यानं केलेल्या प्रार्थनांचं काय? त्यांना नुसता भावनेचा पूर म्हणून मोडीत काढता येत नाही, कारण त्याच केडगावात पुढं वर्षानुवर्षं घाम गाळणं चाललं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणायला बसल्या. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत होत्या. मराठीत आधीचं भाषांतर होतंच, आणि तृप्त माणसाचं त्यावर सहज भागलं असतं. कमी शिकलेल्या बायांना ते समजत नाही, ही उणीव रमाबाईंना मात्र शेवटपर्यंत सलत राहिली. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ मध्ये.