मुंगी नव्हे, सुई

आपल्या घरात मूल दुखण्याला भ्यायलं की वडीलधारी माणसं सहज खोटं बोलतात. सुंतेच्या वेळी ‘वो देखो, सोने की चिडिया!’ म्हणत पोराची मान वर करायची आणि तेवढ्यात खाली वस्तरा चालवायचा, ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दवाखान्यातही तेच. ‘कुछ नहीं होता बेटा, बस चींटी काटेगी.’

पण ही युक्ती एकदाच चालते. आमच्या मुलीला थॅलेसेमिया आहे. तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. म्हणजे वर्षाला सतरा-अठरा वेळा शीर शोधणं आणि सुई. एवढ्या चिमण्या आणायच्या कुठून? चार वर्षांची असताना रिक्षा दवाखान्याच्या रस्त्याला वळली, की ती रडू लागायची. सुईपेक्षा सुईची भीती मोठी झाली होती. नातेवाईक समजूत घालत, ‘रोने का नहीं, सबर करने का.’

आम्हा दोघांना वाट दाखवली ती वॉर्डातल्या एका सिस्टरने. त्या मुलांशी खोटं बोलत नसत. ‘आता सुई टोचणार आहे. दुखलं तर सांग. कुठला हात देतेस?’ एवढंच विचारत. चौघांनी आडवं दाबून धरणं त्यांनी बंद केलं आणि पोरीला आईच्या मांडीवर बसवलं. हातात साबणाच्या फुग्यांची बाटली दिली. मोठा फुगा हवा तर श्वास सावकाश, लांब सोडावा लागतो. तसा सोडला की अंग सैल पडतं आणि मन फुग्यात गुंततं.

यात जादू नाही. 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं, की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं. स्पर्शाने आणि मेंदूकडून येणाऱ्या संदेशांनी ते थोडंफार मिटू शकतं. गुडघा फुटल्यावर दादी बाजूला चोळून फुंकर घालायची, ती उगाच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 साली लसीकरणाविषयी सांगितलं, की बाळाला अंगावर पाजावं, मुलाला जवळ घेऊन बसवावं, लहान मुलांचं मन दुसरीकडे वळवावं आणि खोटा दिलासा देऊ नये.

अर्थात फुंकर ही औषधाच्या जागी नाही. शस्त्रक्रिया, भाजणं, हाड मोडणं, तिथे औषध हवंच. 1980 च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना कळत नाहीत असं समजून पुरेशा भुलीशिवाय त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत. डॉ. कन्वलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली ती समजूत खोटी ठरवली. दुखतं हे आधी मान्य केलं पाहिजे.

आणि सबर म्हणजे न रडणं नव्हे. आपले पुत्र इब्राहीम गेले तेव्हा पैगंबरांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. मग सहा वर्षांच्या पोराला ‘मर्द रोते नहीं’ म्हणणारे आपण कोण?

आमची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिला अजूनही दुखतं. पण शेजारच्या खाटेवरच्या नव्या मुलाला कुणी मुंगीची गोष्ट सांगू लागलं, की ती मध्येच बोलते, ‘चींटी नहीं, सुई है. दुखता है. तू फुगा फुला, मैं गिनती हूं.’