संगणकाची जुळणी : काम ओळखून, खिसा पाहून



बियाणे कोणते घ्यावे हे विचारायला तुम्ही माझ्याकडे येता, यात नवल नाही. माझी नोकरीच ती. पण अलीकडे मुलांसाठी संगणक कोणता घ्यावा, हेही मंडळी विचारू लागली आहेत. मी काही त्यातला तज्ज्ञ नव्हे. मात्र २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने सुटे भाग निवडून आपला संगणक जुळवून घेतला, तेव्हा यादी करण्यापासून स्क्रू आवळण्यापर्यंत मी तिच्याबरोबर होतो. पोर बी.कॉम.ला. हिशेब लिहिण्याची कामे घरी आणून शिक्षणाचा खर्च भागवावा, हा तिचा विचार. भावाजवळ पैसा होता तो कांद्याचा, आणि त्यातूनच ठिबकच्या नळ्याही बदलायच्या होत्या. तेव्हा रुपया वाया जाऊन चालणार नव्हता.

पहिली गोष्ट, दुकानाची पायरी चढण्याआधी काम ठरवा. नांगरट करायची की नुसती कोळपणी, हे ठरल्यावाचून कोणी ट्रॅक्टर घेतो का? दुकानदाराने आम्हाला आधी दाखवली ती रंगीबेरंगी दिव्यांची काचेची पेटी, त्यात भारी ग्राफिक्स कार्ड, आणि वर हप्त्यांची सोय. पोरीने शांतपणे विचारले, "काका, याने टॅली जास्त वेगाने चालेल का?" तो हसून म्हणाला, "नाही बेटा, हे खेळांसाठी." झाले! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? कार्ड यादीतून गेले, आणि ठिबकचे पैसे वाचले ते तिथेच.

कृषी महाविद्यालयात आम्हाला लिबिगचा नियम शिकवला होता. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्यावर पिकाची वाढ अडते; बाकीची खते कितीही ओता. संगणकाचेही तेच. महागडा प्रोसेसर घेतला आणि जुनी हार्ड डिस्क लावली, तर यंत्र रखडते. बैलजोडीत एक दांडगा आणि एक मरतुकडा असून भागत नाही. म्हणून एकाच भागावर पैसा ओतू नका, सगळे भाग मेळाचे घ्या.

आता एकेक भाग पाहू. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. वेगळे कार्ड घ्यायचे नसेल, तर चित्र पडद्यावर आणण्याची सोय प्रोसेसरमध्येच हवी. इंटेलच्या नावाअखेर 'एफ' असेल, तर ती सोय नसते. एएमडीच्या नावाअखेर 'जी' असेल, तर असते. आम्ही 'रायझन ५ ५६००जी' घेतला. सहा गाभ्यांचा, ६५ वॉटचा, सोबत पंखाही येतो.

मग मदरबोर्ड. प्रोसेसरची बैठक आणि बोर्डाची बैठक एकच पाहिजे. आमची 'एएम४' होती. २०२२ साली आलेल्या 'एएम५' चे प्रोसेसर तिच्यात बसत नाहीत. रॅमचेही तसेच. 'डीडीआर४' च्या खाचेत 'डीडीआर५' ची पट्टी जात नाही. बोर्ड जुन्या धाटणीचा असेल, तर त्यातील बायॉस तुमच्या प्रोसेसरला ओळखते का, हे दुकानातच विचारून घ्या.

रॅम १६ जीबी असावी. एका पट्टीपेक्षा आठ-आठच्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमवरच गुजराण करते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, कारण मोठमोठ्या संगणक-केंद्रांची मागणी वाढली. तेव्हा हात आखडत असेल, तर आठची एकच पट्टी घ्या. पण दुसरी खाच मोकळी असलेला बोर्ड निवडा. साठवणीसाठी मात्र हार्ड डिस्कऐवजी एसएसडीच घ्या. हिशेबाच्या कामाला ५०० जीबी पुष्कळ होते.

लोक काटकसर करतात ती एसएमपीएसमध्ये, आणि तिथेच फसतात. सगळ्या भागांना वीज पुरवणारा हा डबा स्वस्तातला असेल, तर जाताना इतरांनाही घेऊन जातो. आमच्या यादीला नामांकित कंपनीचा ४५० वॉटचा पुरून उरला. '८० प्लस' ची खूण पाहा, पण ती फक्त वीज किती वाया जाते एवढेच सांगते. हमी किती वर्षांची, हेही विचारा. आपल्या खेड्यातल्या विजेचा खेळ तुम्हाला सांगायला नको. घराचे अर्थिंग तपासा आणि छोटा यूपीएस घ्या. वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे मिळाली, तरी पुष्कळ.

कॅबिनेट साधे, पण धुळीची जाळी असलेले घ्या. मळणीच्या दिवसांत आपल्या घरात किती भुसा उडतो! दर हंगामाला यंत्र बंद करून जाळी झटका. मागच्या मोकळ्या फटी झाकलेल्या ठेवा, उंदरांना वायरी फार आवडतात.

कोणी जुना कार्यालयीन संगणक स्वस्तात देऊ करील. तोही वाईट नसतो. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, हे ध्यानात ठेवा. टॅलीची गरज नसेल, तर फुकट मिळणारे लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांवर मराठीत उत्तम काम होते.

शेवटी बिलाचे. बियाण्याची पिशवी, लेबल आणि पावती जपून ठेवा, असे मी तुम्हाला दरवर्षी सांगतो. तीच शिस्त इथे. जीएसटीचे पक्के बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून घ्या, आणि खोकी हमी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

आमची पोर आता गावातल्या दोघा-तिघांचे हिशेब लिहिते आणि फी स्वतः भरते. तुमच्याकडेही असा विचार चालू असेल, तर एवढेच करा. ज्याच्यासाठी यंत्र घ्यायचे, त्या मुलाला किंवा मुलीला यादी करू द्या. प्रत्येक भागापुढे "हा कशासाठी?" याचे उत्तर लिहायला सांगा. ज्याचे उत्तर येणार नाही, तो भाग सध्या नको.